वाढीव वॉरंटी: बिघाडाच्या दिवशी खिशातून काय जातं?

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त सांगलीत विश्रामबाग भागातल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार.

मी एकतीस वर्षं फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी दुरुस्त करतो, हे आत्ता सांगितलं गेलं. त्यात एक भर घालतो. त्यातली सहा वर्षं मी एका कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीला होतो. कंपनीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात जॉबशीट, म्हणजे काय बिघडलं आणि काय केलं ते लिहायचा कागद. त्या सहा वर्षांत "हे वॉरंटीत बसत नाही" हे वाक्य मी लोकांच्या स्वयंपाकघरात उभं राहून शेकडो वेळा म्हटलंय. ते ऐकल्यावर घरातल्या बाईचा चेहरा कसा होतो, तेही पाहिलंय. म्हणून आजचा विषय सांगायला मला बोलावलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

सुरुवात माझ्या घरापासूनच करतो.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, कवठेमहांकाळच्या पुढे एका गावात राहते. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तिनं सांगलीतल्या एका दुकानातून दोन दारांचा फ्रिज घेतला. किंमत २८,५०० रुपये. बिल करताना काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मावशी, वर २,९९० भरा, तीन वर्षं फ्रिजकडे बघायला नको." अक्कानं भरले. हाच वाढीव वॉरंटीचा प्लॅन, कंपनीची मूळ वॉरंटी संपल्यावर पुढे चालणारा. तिला वाटलं, आपला भाऊ तरी कुठवर साठ किलोमीटरवरून धावत येणार? त्याला त्रास नको.

यंदाच्या एप्रिलमध्ये दूध नासायला लागलं. तिनं कॉल सेंटरला फोन लावला, तक्रार नंबर घेतला आणि मग मला सांगितलं, "खालचा कप्पा गार होत नाही रे. पण तू येऊ नकोस, माणूस येणार आहे." माणूस पाचव्या दिवशी येणार होता. दाजींना मधुमेह आहे, त्यांचं इन्सुलिन त्या फ्रिजमध्ये असायचं. मी रविवारी गेलोच.

फ्रिजच्या मागे हात घालून पाहिलं. कॉम्प्रेसर चालू होता, थांबतच नव्हता. बाजूच्या पत्र्यावर तळहात टेकवला. चालू फ्रिजचा तो पत्रा कोमट लागायला हवा, कारण आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते. तो मातीच्या भिंतीसारखा गार होता. म्हणजे आत गॅस उरलेला नाही, कुठेतरी गळती आहे. हे समजायला मला एक मिनिट लागलं. टूलबॉक्स गाडीत होता, गॅसचा कॅन होता, व्हॅक्यूम पंप होता. संध्याकाळपर्यंत फ्रिज चालू झाला असता.

आणि मी हात लावू शकत नव्हतो. अक्कानं प्लॅनचा कागद आणून दाखवला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: अनधिकृत व्यक्तीने यंत्र उघडल्यास प्लॅन रद्द होईल. अक्का म्हणाली, "पैसे भरलेत ना आपण, ते वाया कशाला घालवायचे?" मी टूलबॉक्स गाडीतून बाहेरसुद्धा काढला नाही. शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये जागा नव्हती, म्हणून दाजींचं इन्सुलिन प्लॅस्टिकच्या डबीत घालून ती डबी पाण्यानं भरलेल्या मडक्यात सोडली, मडक्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि ते न्हाणीच्या कोपऱ्यात सावलीला ठेवलं. कवठेमहांकाळचा एप्रिल ज्याला माहीत आहे, त्याला ते फडकं दिवसातून किती वेळा ओलं करावं लागलं असेल ते सांगायला नको. असे तेरा दिवस गेले.

आता हिशेब ऐका, मी तो वहीत उतरवून ठेवलाय. माणूस आला, गळती आहे म्हणाला, आणि हे काम घरी होत नाही, वर्कशॉपला न्यावं लागेल म्हणाला. घरी येऊन दुरुस्ती आणि फुकट ने-आण ही सोय सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीपुरतीच होती. टेम्पो जायचे १,५००, यायचे १,५००. कॉइल बदलली, ती प्लॅनमध्ये बसली, तिचे पैसे घेतले नाहीत. मजुरीही नाही. पण गॅस चार्जिंग प्लॅनमध्ये नाही. त्याचे २,२०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,५९६. गॅस भरायचा तर फिल्टर बदलावाच लागतो, तो 'कन्झ्युमेबल', म्हणजे वापरून संपणारा भाग, म्हणून ३५० आणि जीएसटी, ४१३ रुपये. सगळे मिळून ६,००९ रुपये खिशातून गेले. आधी भरलेले २,९९० त्यात मिळवा. ८,९९९ झाले. जी कॉइल फुकट मिळाली, तिची किंमत अठराशेच्या घरात होती. मी तिथंच बसून दुरुस्ती केली असती, तर कॉइल, गॅस, फिल्टर सगळं धरून चार हजारांच्या आसपास गेले असते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, तसं झालं.

आणि यात अक्काला कोणी खोटं बोलून लुबाडलं असं नाही. प्रत्येक गोष्ट कागदावर छापलेली होती. मला हेच जास्त बोचतं.

आपण प्लॅन घेतो तेव्हा एकच आकडा बघतो, २,९९० किंवा ३,४९९, जो असेल तो. तो तर फक्त दारातून आत शिरण्याचा खर्च. खरा खर्च बिघाडाच्या दिवशी कळतो, आणि तो कळतो तेव्हा घरात दूध नासलेलं असतं, कपड्यांचा ढीग पडलेला असतो, आणि माणूस "काय ते घ्या, पण चालू करा" अशा अवस्थेत असतो. म्हणून प्लॅन विकणाऱ्याला विचारायचा प्रश्न 'कितीला पडेल' हा नव्हे. "वस्तू बंद पडली त्या दिवशी मला काय काय भरावं लागेल?" हे विचारा, आणि उत्तर लिहून मागा.

आता थोडं यंत्राच्या आत जाऊ, कारण त्याशिवाय या कागदातले शब्द कळत नाहीत.

तुमच्या फ्रिजच्या दारावर एक स्टिकर असेल. कॉम्प्रेसरवर दहा वर्षं वॉरंटी. वॉशिंग मशीनवर तसंच, मोटरवर दहा वर्षं. ते खरं असतं. पण ती वॉरंटी त्या सुट्या भागाची आहे, वस्तूची नाही. आठव्या वर्षी कॉम्प्रेसर बंद पडला, तर कंपनी तुम्हाला कॉम्प्रेसर देते. तो बसवायचं कोणी? मजुरी तुमची. तो काढताना आतला गॅस जातो, तो पुन्हा भरायचा. फिल्टर नवा. येण्या-जाण्याचा खर्च आणि या सगळ्यावर जीएसटी. फुकट मिळालेला कॉम्प्रेसर बसवून घ्यायला तीन-चार हजार सहज लागतात.

आणि हा 'गॅस' शब्द नीट समजून घ्या. घरगुती फ्रिजमध्ये आजकाल बहुतेक आर-६००ए नावाचा गॅस असतो. किती असतो? साधारण पन्नास-साठ ग्रॅम. मुठीत मावतील इतके फुटाणे भरतील, तेवढं वजन. त्या पन्नास-साठ ग्रॅमचे कोणी बावीसशे रुपये घेत नाही. पैसे असतात ते कामाचे: नळी कापायची, आतून साफ करायची, गळती शोधायची, ब्रेझिंग करायचं म्हणजे सांधा तापवून जोडायचा, पंप लावून आतली हवा आणि ओल पूर्ण ओढून काढायची, मग वजनकाट्यावर मोजून गॅस सोडायचा. हा गॅस पेट घेणारा आहे, म्हणून जपून करायचं काम आहे. म्हणजे 'गॅस चार्जिंग' या शब्दाआड मजुरीच लपलेली असते. आता प्लॅनचा कागद परत वाचा. 'मजुरी मोफत, गॅस चार्जिंग वगळून.' थंडाव्याच्या यंत्रातलं सगळ्यांत मोठं मजुरीचं काम वगळून उरलेली मजुरी मोफत.

पुढचा शब्द आहे 'व्होल्टेज फ्लक्चुएशन'. यावर मी जरा जास्त वेळ बोलणार आहे, कारण इथं मी स्वतः जॉबशीटवर सह्या केल्यात.

हल्लीच्या बहुतेक यंत्रांत एक पीसीबी असतो, सर्किटचा बोर्ड. त्यावर वीज आत येते त्या जागी एक छोटी टिकली असते, बहुतेक वेळा निळ्या रंगाची, चिंचोक्याएवढी. तिला एमओव्ही म्हणतात. विजेचा दाब एकदम चढला, तर ती स्वतः जळते आणि मागचा बोर्ड वाचवते. तिची किंमत दहा-वीस रुपये. तंत्रज्ञ बोर्ड बाहेर काढतो तेव्हा त्याची नजर आधी त्या टिकलीवर जाते. ती तडकलेली, काळी पडलेली दिसली की तो मोबाइलवर फोटो काढतो आणि जॉबशीटवर दोन शब्द लिहितो. झालं. बाहेरच्या कारणाने बिघाड, प्लॅन लागू नाही. बोर्ड नवा घ्या, पाच हजार, सात हजार, इन्व्हर्टर एसीचा असेल तर आणखी जास्त.

आता सांगा, आपल्याकडे वीज सरळ २३० व्होल्टवर कुठे बसते? वळवाचा पाऊस आला, तारा हलल्या, वीज गेली आणि आली की पहिला झटका यंत्रालाच बसतो. खेड्यात तर विचारूच नका. म्हणजे ज्या बिघाडाची आपल्याला सगळ्यांत जास्त भीती, तोच कागदातून आधी काढून टाकलेला आहे. मी नोकरीत असताना ते दोन शब्द लिहिलेत. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. पण टिकली बदलून बोर्ड पुन्हा चालू होतो का, हे बघायची परवानगी मला नव्हती. नोकरी सोडल्यावर स्वतःच्या बाकावर मी असे कितीतरी बोर्ड चालू केलेत. काही टिकली आणि फ्यूज बदलून, काही थोडं जास्त काम करून. म्हणून चांगला स्टॅबिलायझर किंवा सर्ज प्रोटेक्टर लावा. माझ्या अनुभवात तो प्लॅनपेक्षा जास्त बोर्ड वाचवतो.

उंदरांचंही तसंच. वॉशिंग मशीनच्या खालून उंदीर शिरतो, ऊब मिळते म्हणून बसतो आणि वायरिंग कुरतडतो. प्लॅनमध्ये नाही. खालून जाळी लावून घ्या, थोडक्यात काम होतं. दाराचं रबर, प्लॅस्टिकचे कप्पे, काच, नळ्या, गंज, बोअरच्या जड पाण्यानं गिझरच्या कॉइलवर चढलेला पांढरा थर: हे कशातच बसत नाही. एसीचं बाहेरचं युनिट तिसऱ्या मजल्यावर लटकलेलं असेल, तर तिथं पोहोचण्याची व्यवस्था तुमची. मी यावर जास्त वेळ घालवत नाही, तुमच्या कागदात 'अपवाद' म्हणून जो परिच्छेद असेल, तो सगळ्यांत बारीक अक्षरात असतो, तो आधी वाचा.

पुराबद्दल मात्र बोललं पाहिजे. आपण सांगलीत बसलोय. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी ४५ फुटांवर गेलं की धोका म्हणतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेलं. पाणी उतरल्यावर मी दोन महिने दुसरं काही केलं नाही, फक्त पुरातली यंत्रं उघडली. वॉशिंग मशीनचा पाठचा पत्रा काढला की आतून गाळ असा घसरून पायावर यायचा. ड्रमच्या बेअरिंगमध्ये गाळ, मोटरच्या वाइंडिंगमध्ये गाळ. गावभागातले एक आजोबा प्लॅनचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्याशी धरून आले होते. घर सोडताना त्यांनी दागिन्यांच्या डब्याबरोबर तो कागद उचलला होता. त्यांना मला सांगावं लागलं की यात पूर नाही. नैसर्गिक आपत्ती वाढीव वॉरंटीत सहसा नसते.

वॉरंटी वेगळी आणि विमा वेगळा. वॉरंटी म्हणजे वस्तूत आतून दोष निघाला तर दुरुस्ती. पूर, आग, चोरी हा विम्याचा प्रांत. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारख्या नियमांची पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते. त्यात घराचा विमा उतरवला की घरातल्या सामानाला आपोआप संरक्षण मिळतं: घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत. पूर त्यात येतो. सांगलीवाडीत, गावभागात, शामरावनगरात राहणाऱ्यांनी चार वस्तूंचे चार प्लॅन घेण्याआधी या एका पॉलिसीची चौकशी करावी. चार प्लॅनचे मिळून जितके पैसे होतात, त्यापेक्षा तिचा हप्ता पुष्कळदा कमी निघतो.

आता वर्षांचा घोळ. 'तीन वर्षांचा प्लॅन' म्हणतात, त्यातलं पहिलं वर्ष कंपनीचंच असतं, ते तुम्हाला वस्तूबरोबर मिळालेलंच आहे. तुम्ही विकत घेता ती पुढची दोन वर्षं. आणि ती दोन वर्षं कोणती? इथं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेलं कोणी असेल तर त्यांना हा आलेख माहीत असेल, त्याला 'बाथटब कर्व्ह' म्हणतात. मी त्याला परात म्हणतो. कडेला उंच, मधे सपाट. कारखान्यातच काही चुकलं असेल तर वस्तू पहिल्या काही महिन्यांत बोंबलते, ती परातीची अलीकडची कड. मग बरीच वर्षं निवांत जातात. मग झीज होऊन बिघाड वाढतात, ती पलीकडची कड. पहिली कड कंपनीच्या वॉरंटीत येते. पलीकडची कड सुरू व्हायच्या आधीच बहुतेक प्लॅन संपलेले असतात. आपण पैसे मोजतो ते परातीच्या मधल्या सपाटीचे. माझ्या वहीतही तेच दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझ्याकडे येणारे फ्रिज थोडे, सातव्या-आठव्या वर्षानंतर येणारे पुष्कळ.

मग टीव्हीचं काय, असा प्रश्न तुम्ही विचाराल. टीव्हीत पॅनेल, म्हणजे पडदा गेला की टीव्हीच्या निम्म्याहून जास्त किंमत जाते, तिथे भीती रास्त आहे. मिरजेतले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. ३२,००० चा टीव्ही, तिसऱ्या वर्षी पॅनेलवर उभ्या रेघा. प्लॅन होता. पॅनेल मिळत नाही म्हणून कंपनीनं नुकसानभरपाई दिली, पण घसारा लावून. तिसऱ्या वर्षी मूल्य निम्मं धरलं. हातात आलं १६,००० चं कूपन, रोख नाही, आणि ते त्याच दुकानात वापरायचं. त्याच दुकानात तसा टीव्ही ३० हजारांना होता. म्हणजे १४,००० पुन्हा भरले. कूपन दिलं की प्लॅन संपला, उरलेल्या महिन्यांचा परतावा नाही. नव्या टीव्हीला नवा प्लॅन घ्या म्हणून काउंटरवर पुन्हा विचारलंच. त्यांना काही मिळालं नाही असं मी म्हणणार नाही, सोळा हजार मिळाले. पण 'टीव्ही गेला तर नवा देतात' असं जे त्यांनी तीन वर्षं मनात धरलं होतं, ते तसं नव्हतं.

काउंटरवरच्या मुलांवर राग काढू नका. ऑनलाइन विक्रीमुळे वस्तूवर दुकानदाराला फारसं सुटत नाही, प्लॅनवर सुटतं, आणि त्या मुलाला महिन्याचं टार्गेट असतं. तो म्हणणार, "काका, रोजचे पावणेतीन रुपये पडतात." २,९९० भागिले तीन वर्षांचे दिवस, बरोबर आहे, पावणेतीन रुपये. फक्त दोन वर्षांचं संरक्षण विकताना तो तीन वर्षांनी भागून रोजचा आकडा का काढतोय, आणि बिघाडाच्या दिवसाचे सहा हजार त्यात का नाहीत, हे आपण विचारायचं.

हप्त्यानं घेत असाल तर आणखी एक पान उलटा. कर्जाच्या रकमेत प्लॅनचे पैसे मिसळलेले असतात आणि व्याज त्यावरही लागतं. रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना किरकोळ कर्जाबरोबर 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक केलंय. त्यात व्याज, शुल्क, सगळं एका जागी असतं. ते मागा आणि वस्तूच्या किमतीशी ताडून बघा. ऑनलाइन घेताना प्लॅन आपोआप टिकमार्क होऊन बिलात आला असेल, तर तो गैरप्रकार आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्याला 'बास्केट स्नीकिंग' असं नावच दिलंय आणि मनाई केलीय.

घेऊच नये का मग? मी तसं सांगत नाही. मी स्वतः मुलीच्या घरच्या इन्व्हर्टर एसीला घेतलीय. पण ती एसी बनवणाऱ्या कंपनीची घेतली, मधल्या तिसऱ्याची नाही. कागदावर सही कोणाची आहे हे बघा: बनवणाऱ्याची, दुकानाची, की कधी नाव न ऐकलेल्या कुठल्या कंपनीची? तिसऱ्याची असेल तर बिघाडाच्या दिवशी दुकान म्हणतं तिकडे विचारा, आणि तिकडचे म्हणतात दुकानात विचारा. शिवाय मी ती खरेदीच्या दिवशी घेतली नाही. बऱ्याच कंपन्या पहिली वॉरंटी संपायच्या आत कधीही वाढवून देतात. अकराव्या महिन्यात घेतली. गॅस आणि पीसीबी दोन्ही समाविष्ट आहेत, हे ई-मेलवर लिहून घेतलं. वर्षातून एक सर्व्हिस त्यांच्याकडूनच करायची अट होती, तिची तारीख मुलीच्या कॅलेंडरवर लिहिली. ती एक सर्व्हिस चुकली म्हणून प्लॅन गमावलेले लोक मी पाहिलेत.

माधवनगरच्या एका ताईंची पद्धत मला फार आवडते. दुकानात प्लॅनसाठी जितके पैसे सांगितले, तितके त्यांनी प्रत्येक वेळी घरी येऊन बँकेतल्या एका वेगळ्या खात्यात टाकले. फ्रिज, मशीन, टीव्ही, ओव्हन आणि मिक्सरसुद्धा. सहा वर्षांत चौदा हजार जमले. मधे मशीनचा ड्रेन पंप गेला, मी बदलला, साडेबाराशे गेले. बाकी पैसे अजून आहेत. आणि मशीन कोणी उघडायचं, हे त्याच ठरवतात.

तक्रार करायची वेळ आली तर. आजचा दिवस ज्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे पाळतो, त्याला २४ डिसेंबर १९८६ ला मंजुरी मिळाली. त्याआधी बारा वर्षं, १९७४ पासून, पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं होतं, हे आपल्या महाराष्ट्राला अभिमानानं सांगता येतं. आता २०१९ चा नवा कायदा आहे, २० जुलै २०२० पासून लागू. त्याची मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस गुरगावला असो नाहीतर बेंगळुरूला, अक्का सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकते. वस्तूसाठी मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील, तर फी नाही. वकील लागतोच असं नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची. दुकानदार, प्लॅन देणारा आणि बनवणारा, तिघांनाही पक्षकार करा, म्हणजे टोलवाटोलवी चालत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात, मी स्वतः चार जणांना लावून दिलेत फोन.

पण तक्रार उभी राहते ती कागदावर. दोन गोष्टी सांगतो. तंत्रज्ञ काम झालं की तुमच्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागतो. तो दिलात की कंपनीच्या दप्तरी तक्रार 'निकाली' झाली. यंत्र तुमच्यासमोर चालल्याशिवाय तो देऊ नका. "पार्ट मागवलाय, चार दिवसांनी येतो, तोवर ओटीपी द्या" म्हणाला तरी देऊ नका. मला माहीत आहे त्याच्यावर किती दडपण असतं, दिवसाला किती कॉल बंद करायचे असतात. त्याला बसवा, चहा द्या, पण ओटीपी नको. आणि जॉबशीटवर त्यानं काय लिहिलं ते सही करण्याआधी वाचा, मराठीत समजावून घ्या, फोटो काढा. तुम्हाला पटत नसेल तर सहीच्या वर लिहा, 'कारण मान्य नाही'. एवढे तीन शब्द आयोगापुढे फार कामाला येतात.

दुसरी गोष्ट बिलाची. दुकानातलं गुळगुळीत कागदाचं बिल उष्णतेनं छापलेलं असतं. कपाटात ठेवलं तरी वर्ष-दीड वर्षात अक्षरं उडतात. घरी आल्या आल्या फोटो काढा, झेरॉक्स काढा, आणि फ्रिजच्या मागचा सिरियल नंबर त्या झेरॉक्सवर हातानं लिहून ठेवा. बिलावरचा नंबर आणि यंत्रावरचा नंबर जुळला नाही म्हणून नाकारलेले प्लॅन मी पाहिलेत.

तुम्हाला येताना घरातले प्लॅनचे कागद घेऊन यायला सांगितलं होतं, बऱ्याच जणांच्या हातात पिशव्या दिसतायत. मी इथं टेबलाशी बसतो, एकेकानं या, मागचं पान आधी काढा. पहिल्या रांगेतल्या काकू, तुमच्या हातातलं बिल इथूनच कोरं दिसतंय. द्या बघू. वर कोपऱ्यात बिल नंबर पुसट आहे, पण शेवटचे चार आकडे लागतायत. हे पेन घ्या, आत्ताच पाठीमागे लिहून ठेवा. दुकानाच्या कॉम्प्युटरवर नोंद असते, उद्या सकाळी जाऊन शिक्क्यासह दुसरी प्रत मागा. नाही म्हणाले तर मला फोन करा, मी येतो तुमच्याबरोबर.